आईच्या पेट स्कॅनमधला निळा भाग आणि मामाचं खोबरेल

उन्मेषा_कोथरूड
नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आई ७३ वर्षांची. दोन वर्षं विसरणं चालू होतं, आम्ही वयावर ढकलत राहिलो. गेल्या संक्रांतीला वड्यांच्या पाकात तिने गूळ तीनदा घातला आणि कढईकडे बघत म्हणाली, "हे कुणी करून ठेवलंय?" तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. मग न्यूरॉलॉजिस्ट, एमआरआय, रक्त आणि शेवटी मेंदूचा पेट (PET) स्कॅन. इंजेक्शन दिल्यावर अर्धा तास अंधाऱ्या खोलीत गप्प बसवतात. सिस्टरनी नंतर सांगितलं, आई दर दोन मिनिटांनी विचारत होती, "तिसरी घंटा झाली का?" तिला वाटलं बालगंधर्वला नाटकाला आलोय.

रिपोर्टचा मथितार्थ असा: मेंदूच्या मागच्या-मधल्या भागात (पोस्टेरियर सिंग्युलेट, प्रिक्युनियस) आणि दोन्ही बाजूंच्या टेम्पोरोपरायटल भागांत ग्लुकोजचा वापर कमी (स्कॅनमध्ये तो भाग निळा दिसतो), चित्र अल्झायमरशी जुळणारं. डॉक्टर म्हणाले, "त्या भागांना साखर नीट वापरता येत नाहीये." बाहेर पुढचे पेशंट ताटकळले होते, मी जास्त विचारलं नाही.

रिक्षात बसल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. आई हल्ली दिवसभर गोड मागते. शिरा, श्रीखंड, चहात तीन चमचे साखर. तिला बारा वर्षांचा मधुमेह आहे, म्हणून आम्ही डबे लपवतो. मेंदू उपाशी आहे म्हणून ती मागतेय का? मग देऊ का?

दुसरं म्हणजे मामाने लाकडी घाण्याचं दोन लिटर खोबरेल पाठवलंय. रोज तीन चमचे पोटात. सोबत सतरा मिनिटांचा व्हिडिओ. काय करू?

चहाबाज
मेंदूसुद्धा पुणेकर निघाला म्हणायचा. दुपारी १ ते ४ बंद.
(हलकं घ्या ताई. आमच्याकडे आजीचं सहा वर्षं केलं. हसलो नसतो तर वेडे झालो असतो.)

गिरमिट
साखर: नाही. खोबरेल: केसांना. पुढचा प्रश्न?

सुमुखी
गिरमिट, एका ओळीत उडवू नका हो. त्या घाबरल्यात.
उन्मेषा, वाचतेय. माझ्या सासूबाईंचंही असंच गोडाचं आहे.

पेशीपुराण
निवृत्त आहे, पस्तीस वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण "साखर वापरता येत नाही" म्हणजे काय, एवढं सांगू शकतो. लांबण लागेल.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण स्वस्थ बसलेलो असताना होणाऱ्या ऊर्जेच्या खर्चातला सुमारे २० टक्के वाटा त्याचा. दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज. स्नायू किंवा यकृतासारखा साठा मेंदूकडे जवळजवळ नसतो. हातावरचं पोट म्हणा.

आता स्वयंपाकघरात या. सिलेंडर भरलेला आहे, पण आच मिळत नाही. कारणं तीन असू शकतात. नळी आवळली गेलीय, बर्नर चोंदलाय, किंवा शेगडीवर भांडंच नाही म्हणून कुणी ज्योत बारीक केलीय. दारात आणखी चार सिलेंडर आणून ठेवले तर यातलं काही सुधारेल का? तुमच्या आईंना मधुमेह आहे, म्हणजे रक्तात ग्लुकोज हवं त्यापेक्षा जास्तच आहे. उन्मेषाताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आलं. उपास मेंदूत चाललाय, पण वाढप्याची चूक नाही.

नळी म्हणजे ग्लुकोजला आत नेणारे वाहक. रक्तवाहिनीच्या भिंतीवर ग्लट-१, चेतापेशीवर ग्लट-३. अल्झायमरच्या मेंदूत दोन्ही कमी झालेले आढळले आहेत.

बर्नरची गोष्ट जास्त रंजक आहे. पेशीत ग्लुकोज तुटून पायरुवेट होतं, ते मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, शिरताना पायरुवेट डिहायड्रोजिनेज नावाच्या विकरसमूहातून (विकर म्हणजे एन्झाइम) जातं आणि असिटिल-कोए तयार होतं. मग क्रेब्ज चक्र, म्हणजे इंधनातून टप्प्याटप्प्याने ऊर्जा काढणारा फेरा. त्या चक्रातला सगळ्यात नाजूक सांधा अल्फा-किटोग्लुटारेट डिहायड्रोजिनेज. अल्झायमरने गेलेल्यांच्या मेंदूत हे दोन्ही मंदावलेले असतात, हे १९८० च्या दशकापासून दिसत आलंय. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या गिब्सन यांच्या गटाने अख्खं चक्र मोजलं. पहिलं ४१ टक्क्यांनी कमी, दुसरं ५७ टक्क्यांनी. आणि गंमत म्हणजे चक्राच्या उत्तरार्धातली सक्सिनेट आणि मॅलेट डिहायड्रोजिनेज ही विकरं उलट ४४ आणि ५४ टक्क्यांनी वाढलेली!

आणखी एक. हेच असिटिल-कोए वापरून मेंदू असिटिलकोलीन बनवतो, चेतापेशींमधला निरोप्या, स्मरणाला लागणारा. आईंना डोनेपेझिल ही अल्झायमरची गोळी सुरू असेल, तर ती गोळी त्याच असिटिलकोलीनला तोडणाऱ्या विकराला आवरते. म्हणजे माल कमी बनतोय, तर निदान आहे तो लवकर वाया जाऊ नये इतकाच तिचा हिशेब. बर्नर ती साफ करत नाही.

चहाबाज
उत्तरार्ध वाढलेला? म्हणजे विद्यापीठ चौकात गाड्या तुंबलेल्या आणि पुढे औंध रोडला मोकळ्या रस्त्यावर लोक ऐंशीने सुटलेले, तसं का?

पेशीपुराण
उपमा झकास. का वाढतात यावर मात्र अजून तर्कच आहेत. पेशी कसर भरून काढायला बघतेय, असा त्यातला एक.

शंकासुर
काका, लेख सुंदर, दंडवत. पण तुमच्या तिसऱ्या कारणावरून तुम्ही घाईने पुढे गेलात. शेगडीवर भांडंच नाही! चेतापेशींचे सांधे मेले की त्या भागाला इंधन लागतच नाही, मग वापर कमी दिसणारच. बंद पडलेल्या कारखान्याचं वीजबिल कमी आलं म्हणून "विजेअभावी कारखाना बंद पडला" म्हणायचं का? शिवाय विकरं मोजली ती मृत्यूनंतरच्या मेंदूत. मरणाच्या आधी माणूस महिनाभर अंथरुणाला खिळलेला, ताप, न्यूमोनिया. विकरं नाजूक असतात. अमायलॉइड आणि टाऊ (अल्झायमरच्या मेंदूत साठणारी दोन प्रथिनं) सोडून एकदम "ऊर्जेचा आजार" म्हणणाऱ्यांचं मला नेहमी संशयास्पद वाटतं. पुढच्याच वाक्यात ते काहीतरी विकतात.

पेशीपुराण
शंका रास्त. मी विकायला फक्त जुनी पुस्तकं काढलीत, तीही अप्पा बळवंत चौकात कुणी घेत नाही.

दोन गोष्टी तुमच्या विरुद्ध जातात. एक, मेंदू आक्रसल्याचा हिशेब वजा केला तरी ग्लुकोजचा वापर कमीच दिसतो. दोन, अपोई-४ हा जनुकाचा प्रकार ज्यांच्याकडे असतो त्यांना अल्झायमरचा धोका जास्त. अमेरिकेत राइमन यांनी विशी-तिशीतल्या, पूर्ण धडधाकट अशा लोकांचे स्कॅन केले. २००४ चं काम. त्याच भागांत वापर थोडा कमी! कारखाना जोरात सुरू आहे आणि बिल कमी. याला काय म्हणाल?

तुमच्या बाजूनेही एक सांगतो. स्कॅनमध्ये जे द्रव्य टोचतात ते ग्लुकोजचं सोंग असतं. पेशीत शिरतं, हेक्सोकायनेज त्याला फॉस्फेट चिकटवतं आणि तिथेच ते अडकतं, पुढे जळत नाही. म्हणजे स्कॅन फक्त दारापर्यंतचं सांगतो. माजघरातल्या बर्नरचं नाही. आईंच्या रिपोर्टवरून "यांचं अमुक विकर कमी आहे" असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.

शंकासुर
अपोई-४ चा मुद्दा मान्य. पण त्यातल्या कित्येकांना पुढे अल्झायमर होतही नाही. कोंबडी आधी की अंडं, हे तुम्हीही सोडवलेलं नाहीत.

पेशीपुराण
नाहीच सोडवलं. माझं मत विचाराल तर दोघं एकमेकांना ओढत खाली नेतात. अमायलॉइड मायटोकाँड्रियाला छळतं, आणि ऊर्जा कमी पडली की कचरा काढायचं काम आधी थांबतं. घरात आजारपण आलं की मोरीत भांडी साठतात, तसं.

देशी_घाणा
एवढं सगळं इंग्रजी शास्त्र झालं, पण खोबरेलाबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या कोकणात पिढ्यानपिढ्या खोबरं खातात. माझे आजोबा ९१ व्या वर्षी मालवणहून एकटे एसटीने पुण्याला आले. तेलात पेटंट नाही म्हणून कंपन्या दाबून ठेवतात. मामांचं ऐका ताई.

गिरमिट
९१ व्या वर्षी एसटीने आले म्हणजे श्रेय एसटीचं.

अरुंधती_स
खोबरेलाचा अनुभव लिहिते.

बाबांना आम्ही दिलं होतं. असाच व्हिडिओ, अशीच आशा. पहिल्या आठवड्यात एक चमचा आमटीतून. तिसऱ्या आठवड्यात तीन चमचे. आणि मग जुलाब. डिमेन्शिया असलेल्या माणसाला जुलाब होणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. त्यांना संडास कुठे आहे ते आठवायचं नाही आणि आठवेपर्यंत वेळ गेलेली असायची. एके रात्री ते बाल्कनीच्या दाराशी उभे होते, पायजम्याची नाडी दोन्ही हातांनी घट्ट धरून, आणि रडत होते. मी ती बाटली त्याच रात्री देवघरात समईसाठी ठेवून दिली.

स्मरणात फरक? पहिल्या महिन्यात मला वाटला. मग भावाने जुने व्हिडिओ लावून दाखवले. काही फरक नव्हता. मला हवा होता, म्हणून दिसला.

सुमुखी
अरुंधती, _/\_

पेशीपुराण
अरुंधतीताईंनंतर शास्त्र लिहायला संकोच वाटतो. पण मामांची कल्पना अगदीच हवेतली नाही, हेही सांगायला हवं.

ग्लुकोज नसेल तर मेंदू किटोनवर, म्हणजे चरबीपासून यकृतात बनणाऱ्या इंधनावर, चालू शकतो. कडक उपासात चालतोच. अल्झायमरमध्ये ग्लुकोजचा वापर घटला तरी किटोनचा बऱ्यापैकी टिकून असतो, हे कॅनडात कुनान यांच्या गटाने दाखवलंय. किटोनपासून असिटिल-कोए थेट बनतं, पायरुवेटवाला चोंदलेला बर्नर लागतच नाही. वळसा घालून जायचा रस्ता. अडचण अशी की हा रस्ता पुढे त्याच क्रेब्ज चक्रात येऊन मिळतो, आणि तिथे ५७ टक्केवाला सांधा वाट बघत उभाच आहे.

दुसरं, किटोन बनवायला सर्वात कामाचं ते आठ कार्बनचं कॅप्रिलिक आम्ल. खोबरेलात ते जेमतेम ७-८ टक्के. निम्म्याच्या आसपास असतं लॉरिक, बारा कार्बनचं, आणि त्यातून किटोन फारसे निघत नाहीत. कुनान यांनी वापरलं ते वेगळं काढलेलं एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळीच्या आम्लांचं तेल), रोज ३० ग्रॅम, सहा महिने, तेही अल्झायमरच्या आधीच्या सौम्य टप्प्यातल्या लोकांना. मेंदूत किटोन दुपटीच्या वर गेले, काही स्मरणचाचण्यांत थोडी सुधारणा दिसली. पण प्रत्यक्ष अल्झायमरमध्ये कॅप्रिलिकची मोठी चाचणी झाली, ती नापास झाली.

देशी_घाणा, कॅप्रिलिकवाल्यांकडे पेटंटही होतं आणि कंपनीही होती बरं का. दाबलं कुणी नाही. चाललं नाही.

देशी_घाणा
एमसीटी वेगळं आणि अख्खं नैसर्गिक तेल वेगळं. तुम्ही तोडून बघता तिथेच चुकता. असो. वाद नको. अरुंधतीताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. प्रमाण हळू वाढवायला हवं होतं, एवढंच म्हणेन.

अरुंधती_स
हळूच वाढवलं होतं.

रानजाई
पेशीपुराणकाका, ही दोन्ही मंद विकरं थायमिनवर चालतात ना? बी-१? मी आहारतज्ज्ञ आहे, कॉलेजमध्ये पाठ केल्याचं आठवतंय.

पेशीपुराण
शाब्बास! हेच यायची वाट बघत होतो. दोघांनाही थायमिन पायरोफॉस्फेट लागतं. थायमिन फार कमी पडलं तर स्मृती जाते हे दारूच्या आहारी गेलेल्यांत दिसतंच, वर्निके-कोर्साकॉफ. त्यातूनच गिब्सन बेन्फोटायमिनकडे वळले, थायमिनचं जास्त शोषलं जाणारं रूप. २०२० ची चाचणी, सुमारे ७० रुग्ण, एक वर्ष. घसरण मंदावल्याची चिन्हं दिसली, पण मुख्य स्मरणचाचणीतला फरक संख्याशास्त्राच्या निकषावर उतरला नाही. आता अमेरिकेत मोठी चाचणी चालू झाली आहे.

सुमुखी
बेन्फोटायमिन तर सासऱ्यांना पाय बधिर होतात म्हणून देतात! मधुमेहाच्या गोळीत आहे.

रानजाई
हो, तेच. पण म्हणून केमिस्टकडून स्वतःहून आणू नका.

जेवणातलं सांगते. थायमिन कोंड्यात असतं, पांढरा शुभ्र तांदूळ केला की गेलं. जावामध्ये डच डॉक्टर एकमन यांना हे कोंबड्यांनी शिकवलं. पॉलिशचा भात खाऊन पाय लुळे पडले, कोंड्यासकट दिल्यावर उभ्या राहिल्या. १९२९ चं नोबेल त्यातूनच. आपल्याकडे हातसडीचा तांदूळ, डाळी, शेंगदाणे, तीळ यात चांगलं असतं. आणि छोले लवकर शिजावेत म्हणून सोडा टाकता ना, तो थायमिनची वाट लावतो.

चहाबाज
हातसडीचा आंबेमोहर आता कुठे मिळतो? मुळशीकडचा खरा कुणाकडे आहे का?

गिरमिट
खरा आंबेमोहर शेजारच्यांच्या कुकरच्या शिटीला ओळखू येतो. बाकी सगळा वासाचा बासमती.

वेल्ह्याचा_बापू
आमच्याकडे इंद्रायणी आहे. आंबेमोहर घरापुरताच लावतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सुमुखी
झालं, धागा भातावर गेला.

टेकडीवाला
भाताकडून परत आणतो. रोज सकाळी हनुमान टेकडीवर भेटणाऱ्या आमच्या कंपूत निम्मे मधुमेही, आणि सगळे सडपातळ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून जे काम केलं, त्यात हेच आलंय. आपली बाळं वजनाने कमी पण चरबीने त्या मानाने जास्त. बारीक दिसणारा माणूस आतून इन्शुलिनला दाद देत नाही. त्याच कामात आयांमध्ये बी-१२ ची कमतरताही भरपूर दिसली. तर अल्झायमरला काही लोक टाईप-३ मधुमेह म्हणतात, त्यात तथ्य किती?

शंकासुर
नाव चटपटीत आहे, पण निदान म्हणून कुणी मान्य केलेलं नाही. मधुमेहाने धोका वाढतो हे खरं. मग मधुमेहाच्या औषधाने अल्झायमर थांबायला हवा ना? नाकातून इन्शुलिन देऊन पाहिलं, २०२० च्या मोठ्या चाचणीत काही हाती लागलं नाही. सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाच्या दोन चाचण्या, सुमारे ३८०० लोक, निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. आजाराची घसरण थांबली नाही. उन्मेषाताई, बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय ना? ते नीट करता येतं, म्हणून आधी ते.

अरुंधती_स
गोडाबद्दल एक राहिलं, आणि हे स्कॅनपेक्षा महत्त्वाचं आहे.

बाबा शुगरची गोळी दोनदा घ्यायचे. घेतल्याचं आठवायचं नाही. एकदा संध्याकाळी गोंधळ फारच वाढला, घामाने सदरा भिजला, मला "वहिनी" म्हणाले. आम्ही समजलो आजार वाढला. शेजारच्या मुलाने ग्लुकोमीटर आणला, शुगर ४८. साखरपाणी दिल्यावर वीस मिनिटांत माझं नाव घेतलं. असं वरचेवर खाली जाणं मेंदूला वाईटच. तेव्हापासून गोळ्या कुलपात. डॉक्टरांनी औषधही बदललं, आणि शुगरचं लक्ष्यही जरा सैल केलं.

उन्मेषा_कोथरूड
इतकं सगळं लिहाल असं वाटलं नव्हतं. दोन दिवस उत्तर देता आलं नाही, आईला सर्दी झाली होती आणि ती झोपतच नव्हती.

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. या वेळी प्रश्न कागदावर लिहून नेले. बी-१२ १४० आलंय, म्हणजे कमी, इंजेक्शनं सुरू. त्याने अल्झायमर जाणार नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. थायरॉइड नॉर्मल. बेन्फोटायमिनचं विचारलं, म्हणाले थांबू, मोठ्या चाचणीचं काय होतं बघू. गोडाबद्दल म्हणाले, या आजारात चव बदलते, गोडाची ओढ लागते, ती मेंदूची मागणी समजू नका. पण डबे लपवून भांडण रोज ओढवून घेऊ नका. जेवणानंतर थोडं द्या आणि शुगर बघत राहा. अरुंधतीताई, गोळ्या कुलपात गेल्या. आईनेच कुलूप आणून दिलं, कशाला ते न विचारता.

पेशीपुराणकाका, एक विचारायचं राहिलं. रविवारी मी उकडीचे मोदक करत होते, माझ्या पाऱ्या फाटत होत्या. आई शेजारी येऊन बसली आणि माझ्या हातातली पारी काढून घेऊन मुखऱ्या पाडायला लागली. एकवीस झाले. एकही फुटला नाही. मला मात्र ती "तुमचं नाव काय" विचारत होती. हे कसं?

पेशीपुराण
रिपोर्ट परत काढा आणि कुठे वापर टिकलाय ते वाचा. हात हलवणारा पट्टा, दृष्टीचा भाग, लहान मेंदू, खोलवरची बेसल गँग्लिया. अल्झायमरमध्ये हे भाग बराच काळ तग धरतात. चाळीस-पन्नास वर्षं घोटलेली कामं तिथे मुरलेली असतात, आणि नावं असतात दुसरीकडे.

चहाबाज
एकवीस मोदक आणि आम्हाला आमंत्रण नाही. निषेध.

देशी_घाणा
ताई, तेलाचं काय केलंत मग?

उन्मेषा_कोथरूड
मोदकपात्राच्या चाळणीला तेच लावलं. मामाला सांगितलं, आईच्या पोटात जातंय. खोटं नाही ना?

टेकडीवाला
बेन्फोटायमिनच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला की कुणीतरी धागा वर काढा. रुमाल टाकून ठेवतो.